ल्वारच्या काठाकाठाने

३१ ऑगस्ट १९४७ रोजी फ्रान्समध्ये एका पायवाटेचं उद्घाटन झालं. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. पाव अजून रेशनवर मिळत होता. ल्वार नदीवरचे कितीतरी पूल १९४० मध्ये एकदा आणि १९४४ मध्ये पुन्हा पाडले गेले होते. अशा दिवसांत काही हौशी भटके रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन निघाले आणि ऑर्लेआँ ते बोजाँसी या नदीकाठच्या २८ किलोमीटरच्या वाटेवर त्यांनी खुणा केल्या. कुठे झाडाच्या बुंध्यावर, कुठे खांबावर, कुठे गावातल्या भिंतीच्या कोपऱ्यावर दोन आडवे पट्टे: वर पांढरा, खाली तांबडा. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांची ही सुरुवात. या वाटांना तिथे ‘ग्राँद राँदोने’ म्हणतात आणि त्यांचं लघुरूप ‘जीआर’ प्रत्येक फ्रेंच माणसाला ठाऊक असतं. नदीकाठची ही पहिली वाट म्हणजे जीआर ३.

कल्पना जाँ ल्वाझो या वास्तुविशारदाची. १९३० च्या दशकापासून ती त्यांच्या डोक्यात घोळत होती. १९३६ साली फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी पहिल्यांदाच कायद्याने मिळाली, आणि ज्यांच्याजवळ मोटार नव्हती, हॉटेलला पैसे नव्हते, अशा लाखो लोकांपुढे सुट्टीत जायचं कुठे हा प्रश्न आला. ल्वाझो यांचं उत्तर होतं, की देशभर खुणा केलेल्या वाटा असाव्यात आणि त्यांवरून कुणीही, कुणाला काही न विचारता, चालत जावं. युद्धाने हे काम दहा वर्षं मागे पडलं, पण बुडालं नाही. आज जीआर ३ ही ल्वारच्या उगमापासून थेट अटलांटिकपर्यंत जाते आणि तिची लांबी १,२०० किलोमीटरहून अधिक भरते. देशभरातल्या लहानमोठ्या सगळ्या खुणांकित वाटा धरल्या तर आकडा १,८०,००० किलोमीटरच्याही पुढे जातो.

या सगळ्यांतून या प्रकरणासाठी ल्वारची वाट निवडली, त्याला कारण आहे. ल्वारचे राजवाडे आणि किल्ले जगप्रसिद्ध आहेत. पॅरिसहून सकाळी बसने निघायचं, दोन-तीन किल्ले पाहायचे आणि रात्री परत यायचं, अशा सहली बारमाही चालतात. त्यात किल्ले दिसतात, पण नदी दिसत नाही. आणि नदी वगळली की त्या किल्ल्यांबद्दलचे साधे प्रश्नही सुटत नाहीत. इतके किल्ले याच खोऱ्यात का? ते इतके पांढरे का? त्यांची छपरं सगळीकडे काळीच का? राजे इथे का आले आणि का रमले? चालत जाणाऱ्याला याची उत्तरं पायाखाली मिळतात, कारण हे किल्ले खऱ्या अर्थाने नदीनेच उभे केले आहेत.

सुरुवात उगमापासून करू. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आर्देश भागात मों जेर्बिए द जोंक नावाचा १,५५१ मीटर उंचीचा एक सुळका आहे. ज्वालामुखीच्या घट्ट लाव्ह्याचा हा गड्डा. त्याच्या पायथ्याशी, सुमारे १,४०० मीटर उंचीवर, ल्वारचे झरे फुटतात. भूमध्य समुद्र इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. नदी आधी त्याच दिशेला थोडी वाहते, मग उत्तरेकडे वळते, ऑर्लेआँपाशी पश्चिमेला मोठं वळण घेते आणि हजारेक किलोमीटरचा प्रवास करून सँ-नाझेरपाशी अटलांटिकला मिळते. फ्रान्समधली ही सर्वांत लांब नदी.

वरच्या अंगाला ती अरुंद घळीतून वाहते. तिथलं आर्लाँद हे गाव पाहिलं की सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचे पाय थबकतील. नदीच्या वळणावर उभा कडा, कड्यावर बुरुजांचे अवशेष आणि सगळा दगड काळा बसाल्ट, आपल्या रायगड-राजगडाच्या जातीचा. मध्ययुगातल्या या पडक्या गढीला फ्रेंच लोक ल्वारचा पहिला किल्ला म्हणतात. इथे कुठे पांढरा दगड नाही, नक्षी नाही, बागा नाहीत. घळीतून जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायची, एवढंच त्याचं काम. थोडं खाली गूदे नावाचं खेडं लागतं. तिथेही बोफोरच्या किल्ल्याचे अवशेष उंचावर उभे आहेत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ च्या सप्टेंबरात मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन जवळच्या ल मोनास्तिए गावाहून निघाला, तेव्हा त्याने ल्वार ओलांडली ती याच गूदेपाशी. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनामुळे ती वाट इतकी गाजली, की आज तीही जीआर ७० या क्रमांकाने खुणांकित आहे, आणि अजूनही काही हौशी मंडळी गाढव भाड्याने घेऊन तिच्यावरून जातात.

या वरच्या टप्प्यात फार थोडे परदेशी पर्यटक येतात. डोंगरात चालायची सवय असलेल्यांनी मात्र तो टाळू नये. खालच्या राजवाड्यांचा डौल नीट समजायचा, तर आधी आर्लाँदचा काळा कडा डोळ्यांखालून गेलेला बरा.

ऑर्लेआँच्या पुढे खोरं रुंद होतं आणि दगड बदलतो. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा पिवळसर पांढरा चुनखडक झाला. त्याला तिथे ‘त्युफो’ म्हणतात. भूशास्त्रात त्या कालखंडाला ट्युरोनियन हे नाव आहे, तेही याच खोऱ्यातल्या तूर शहराच्या परिसरावरून पडलेलं. त्युफो इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, आणि आतून सच्छिद्र असल्यामुळे वजनाला हलका. पाथरवटाला यापेक्षा आणखी काय हवं? खिडक्यांच्या चौकटींवरची वेलबुट्टी, छपरातून वर निघालेल्या नक्षीदार चिमण्या, जिन्यांच्या जाळ्या हे सगळं या मऊ दगडामुळे शक्य झालं. बसाल्टवर असं काम करायला किती पिढ्या लागल्या असत्या, ते वेरूळच्या कैलास लेण्यापुढे उभं राहिलेल्यांना सांगायला नको.

छपरांच्या काळ्या पाटीचा दगड मात्र तिथला नाही. तो आँजे शहराजवळच्या त्रेलाझेच्या खाणींतला. तो नावांत भरून, शिडं लावून, प्रवाहाच्या उलट दिशेने वर आणायचा. आता कुणी म्हणेल, उलट्या प्रवाहाने शिडाची नाव कशी जाईल? ल्वारची हीच खुबी आहे. मधल्या खोऱ्यात नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, समुद्रावरून येणारा. त्यामुळे खाली जाताना प्रवाह नेतो आणि वर येताना वारा. सपाट तळाच्या नावा एकामागोमाग एक बांधत. पुढच्या नावेचं चौकोनी शीड सर्वांत मोठं, मागच्यांची क्रमाने लहान, म्हणजे सगळ्यांना वारा मिळे. नाँत बंदरातून मीठ, साखर, मासळी वर येई. वरून दारू, धान्य, लाकूड, कोळसा खाली जाई. डोंगराकडच्या भागात तर देवदाराच्या फळ्यांच्या अशा नावा बांधत, ज्या एकदाच खाली यायच्या. माल उतरला की नाव मोडायची आणि लाकूड विकून टाकायचं.

जिथे एवढा माल जातो तिथे जकात आलीच. नदीकाठच्या प्रत्येक सरदाराला आपल्या बुरुजाखालून जाणाऱ्या नावेकडून काही ना काही हवं असे. या जकातींविरुद्ध लढायला आणि नदीतली वाट मोकळी ठेवायला व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकातच आपली संघटना केली होती आणि ती अठराव्या शतकापर्यंत टिकली. म्हणजे किल्ल्याचा दगड नदीकाठच्या कड्यातला, छप्पर नदीवरून आलेलं आणि बांधायला लागलेल्या पैशातही नदीचा वाटा.

राजे इथे आले ते संकटात. त्याआधी या खोऱ्यात आँजूच्या काउंटांचं राज्य होतं. फूल्क नेरा हा त्यांतला सर्वांत धडाडीचा, त्याने इसवी सन १००० च्या सुमारास लाँजे इथे उभारलेल्या दगडी बालेकिल्ल्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. पुढे याच घराण्यातला हेन्री प्लँटाजेनेट इंग्लंडचा राजा झाला. तो ११८९ साली वारला तोही ल्वारच्या उपनदीवर, व्हिएनकाठच्या शिनोंच्या किल्ल्यात. नंतर शंभर वर्षांच्या युद्धात पॅरिस इंग्रजांच्या बाजूला गेलं, आणि फ्रान्सच्या गादीचा वारस शार्ल दक्षिणेकडे याच खोऱ्याच्या आसऱ्याला आला. १४२९ साली जोन ऑफ आर्क त्याला भेटली ती शिनोंमध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात तिने ऑर्लेआँचा वेढा उठवला आणि जूनमध्ये बोजाँसीचा पूल इंग्रजांच्या हातून सुटला. १९४७ साली खुणा केलेले पहिले २८ किलोमीटर म्हणजे त्या मोहिमेचाच मुलूख. त्या काळी ल्वारवर पूल मोजकेच होते. ज्याच्या हातात पूल त्याच्या हातात फ्रान्सचा दक्षिण भाग, हे बोजाँसीच्या जुन्या दगडी पुलावर उभं राहिलं की कुठलंही पुस्तक न उघडता कळतं.

युद्ध संपलं तरी पुढची शंभरेक वर्षं राजे इथेच रमले. हवा चांगली, शिकारीला जंगलं, पॅरिसचे कटकटे नागरिक लांब. इटलीवरच्या स्वाऱ्यांतून त्यांनी तिथल्या बागा आणि राजवाडे पाहिले आणि तशा कारागिरांना बरोबर आणलं. तटबंदीच्या जागी खिडक्या आल्या, खंदकाच्या जागी शोभेचं पाणी. आँब्वाझच्या किल्ल्यात आठवा शार्ल १४९८ साली दाराच्या चौकटीला डोकं आपटून मेला. त्याच किल्ल्याजवळच्या क्लो ल्युसे या वाड्यात लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये राहायला आला आणि २ मे १५१९ रोजी तिथेच वारला.

शाँबोरचं बांधकाम सुरू झालं तेही १५१९ सालीच. पहिला फ्राँस्वा हा राजा त्याचा कर्ता. चारशेहून अधिक खोल्या आणि एकमेकांभोवती गुंफलेला दुहेरी जिना: एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना जाळीतून पाहतात, पण त्यांची गाठ पडत नाही. आराखड्यात लिओनार्दोचा हात असावा असं अनेक अभ्यासक मानतात. एवढा पसारा मांडून राजा आपल्या ३२ वर्षांच्या कारकिर्दीत तिथे राहिला ते सगळे दिवस मिळून अडीच महिन्यांच्या आतबाहेर. माझं मत विचाराल तर शाँबोर आतून पाहण्यापेक्षा चालत गाठण्यात जास्त मजा आहे. त्यासाठी नदीकाठच्या सँ-दिए गावातून निघावं. शाँबोरचं बंदर ते हेच. शेर नदीच्या खोऱ्यातल्या खाणींमधून त्युफोचे ठोकळे नावांतून इथल्या धक्क्यावर उतरत आणि पुढे बैलगाड्यांनी जात. गाव सोडल्यावर तासाभराच्या चालीत ३२ किलोमीटर लांबीच्या एका भिंतीच्या आत आपण शिरतो. ५,४४० हेक्टरचं राखीव जंगल या भिंतीने वेढलं आहे, त्याचा विस्तार साधारण पॅरिस शहराएवढा. त्यातला काही भागच लोकांना खुला आहे, बाकीचं रान हरणांचं आणि रानडुकरांचं. सप्टेंबरच्या अखेरीला नर सांबरांसारखी मोठी हरणं माजावर येतात, तेव्हा त्यांचं ओरडणं ऐकायला लोक संध्याकाळी मुद्दाम येतात. चालता चालता झाडांची रांग संपते आणि चिमण्या-कळसांचं ते अख्खं गाव एकदम समोर येतं. वाहनतळावरून आत शिरणाऱ्याला हा क्षण मिळत नाही. १९३९ साली युद्धाच्या तोंडावर लूव्रमधली हजारो चित्रं पॅरिसबाहेर हलवली तेव्हा ‘मोनालिसा’ सुद्धा आधी इथेच आणून ठेवली होती.

शनोंसो ल्वारवर नाही, शेर या उपनदीवर आहे, आणि ‘वर’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. जुन्या पाणचक्कीच्या पायावर मुख्य वाडा बांधला गेला. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याने तो आपली प्रेयसी दियान द प्वातिएला दिला. तिने १५५० च्या दशकात वास्तुविशारद फिलिबेर द लॉर्मकडून वाड्यापासून पलीकडच्या काठापर्यंत पूल बांधून घेतला. राजा वारल्यावर त्याची राणी कॅथरिन द मेदिचीने दियानला तिथून घालवलं आणि पुलावर ६० मीटर लांबीचं दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा मांडल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच जर्मनव्याप्त प्रदेशाची हद्द झाली: वाड्याचं मुख्य दार व्याप्त भागात आणि दालनाचं पलीकडचं दार मोकळ्या भागात. त्या दारातून किती जणांची सुटका झाली असेल! पर्यटकांची गर्दी उत्तरेकडून आत येते. चालणाऱ्याने दक्षिणेच्या काठाने जावं. झाडीतून जाणाऱ्या त्या पायवाटेवरून पाच कमानी, दालन आणि पाण्यातली त्यांची प्रतिमा एका नजरेत मावते आणि त्याला तिकीटही लागत नाही.

आता जिच्यावरून चालायचं त्या वाटेविषयी. मधल्या खोऱ्यात बराच वेळ आपण पूरबांधावरून चालत असतो. बाराव्या शतकात हेन्री प्लँटाजेनेटच्या काळात माती, दगड आणि काटक्यांच्या जुड्या घालून हे बांध घालायला सुरुवात झाली. पुढच्या राजवटींनी ते वाढवत नेले. उंच आणि सलग बांधाने नदी कायमची आवरता येईल असा सरकारी इंजिनिअरांचा विश्वास होता. झालं उलटं. पसरायला जागा उरली नाही म्हणून पुराचं पाणी उंच चढू लागलं. १८४६, १८५६ आणि १८६६ अशा वीस वर्षांत तीन महापूर आले. १८५६ च्या जूनमध्ये ऑर्लेआँला पाणी ७ मीटरच्या आसपास चढलं, शंभराहून जास्त ठिकाणी बांध फुटले आणि ज्या त्रेलाझेच्या खाणींनी साऱ्या खोऱ्याला छपरं पुरवली होती, त्या खाणीही पाण्याखाली गेल्या. नदीकाठच्या गावांमधून जाताना धक्क्याच्या भिंतीकडे, जुन्या घरांच्या कोपऱ्यांकडे पाहत जावं. तिथे आडव्या रेघा आणि ही तीन सालं कोरलेली दिसतात, पुष्कळदा आपल्या डोक्याच्याही वर. उन्हाळ्यात हीच नदी वाळूच्या पट्ट्यांमधून चार-दोन धारांनी वाहत असते. त्या वेळी या रेघा खऱ्या वाटत नाहीत.

नावांचा धंदा पुराने बुडवला नाही, तो बुडवला रेल्वेने. १८४३ साली पॅरिसहून गाडी ऑर्लेआँला आली, १८४६ साली तूरला, १८५१ साली नाँतला. एका पिढीत शिडं दिसेनाशी झाली, धक्के ओस पडले, नावाडी मळ्यांत मजुरी करू लागले. नदीकाठच्या वाटांना कुणी वाली उरला नाही. पण याच दुर्लक्षाने ल्वारचा एक फायदा झाला. मालवाहतूक नाही म्हणून तिच्या मधल्या पात्राला ऱ्हाइनसारखं कालव्याचं रूप कुणी दिलं नाही. बेटं, वाळू, जुनी पात्रं, काठची वाळुंजाची झाडी शिल्लक राहिली. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. १९७० च्या दशकात ब्ल्वा शहराजवळ बीव्हर पुन्हा आणून सोडले, ते आता नदीभर पसरले आहेत.

तरी १९८० च्या दशकात वरच्या खोऱ्यात मोठ्या धरणांची योजना आलीच. त्यातल्या सेर द ला फार या नियोजित धरणाच्या जागेवर १९८९ मध्ये विरोधकांनी मुक्काम ठोकला आणि पाच वर्षं हलले नाहीत. १९९४ मध्ये सरकारने ते धरण रद्द केलं. १९९८ मध्ये आलिए या उपनदीवरचं एक जुनं धरण साल्मन मासे वर जावेत म्हणून सुरुंग लावून काढूनही टाकलं. आर्लाँदखालची घळ आज चालायला मोकळी आहे ती त्या मुक्कामामुळे, हे तिथून जाताना आठवावं. पुढे २००० साली युनेस्कोने स्यूली ते शालोन हा सुमारे २८० किलोमीटरचा पट्टा जागतिक वारशात घेतला तो सांस्कृतिक भूदृश्य म्हणून: किल्ले, गावं, द्राक्षमळे, बांध आणि नदी सगळं मिळून.

वाटही अशीच राखावी लागते. फ्रान्समध्ये जलमार्ग म्हणून नोंदलेल्या नदीच्या काठाने ३.२५ मीटर रुंदीची पट्टी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवणं हे काठच्या जमीनमालकावर बंधनकारक आहे. नाव ओढायची वाट असेल तिथे ही रुंदी ७.८० मीटर. गावांच्या पाणंदी मात्र शेतं एकत्र करताना, नांगर चालवताना हजारोंनी नाहीशा झाल्या. म्हणून १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने आपल्या पायवाटांची नोंदवही करायची असं ठरलं. त्या वहीत नोंदलेली पाणंद मोडायची तर आधी तेवढीच सोयीची पर्यायी वाट द्यावी लागते. आपल्याकडे पाणंदींवरची अतिक्रमणं हटवताना तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांची काय दमछाक होते हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या तरतुदीचं मोल कळेल.

खुणा रंगवण्याचं काम आजही स्वयंसेवक करतात. फ्रेंच पदभ्रमण महासंघाची देशभर हजारो माणसं, बरीचशी निवृत्त, आपापला पट्टा वाटून घेतात आणि दरवर्षी कात्री-कुंचला घेऊन फिरतात. खुणांची भाषा दहा मिनिटांत शिकता येते. पांढरा-तांबडा जोडपट्टा दिसला की वाट बरोबर. खाली वळता बाण असेल तर वळायचं. दोन्ही रंगांची फुली दिसली तर मागे फिरायचं. पिवळा एकच पट्टा म्हणजे गावाभोवतीची अर्ध्या किंवा एका दिवसाची फेरी, पिवळा-तांबडा म्हणजे एखाद्या प्रदेशाला घातलेला अनेक दिवसांचा वळसा.

चार दिवसच हाती असतील तर कुठे चालावं, असं कुणी विचारलं तर मी शाँबोर सांगणार नाही. व्हिएन जिथे ल्वारला मिळते तिथे काँद हे गाव आहे. संत मार्टिन ३९७ साली इथे वारला. गावावरच्या टेकाडावर चढलं की दोन्ही नद्यांचं पाणी एकमेकांत मिसळताना दिसतं. शेजारी मोंसोरो. पंधराव्या शतकातला हा वाडा बांधला तो थेट पाण्यात, भिंतींना नदीच्या लाटा लागत. एकोणिसाव्या शतकात समोर रस्ता झाला आणि पाणी दूर गेलं. नदीकाठच्या किल्ल्याची नदीशी असलेली जवळीक इथे जितकी नीट कळते तितकी मोठ्या नावाच्या राजवाड्यांत कळत नाही. मोंसोरोहून तासा-सव्वातासात फोंतव्रोच्या मठाला चालत जाता येतं. तिथे हेन्री प्लँटाजेनेट, त्याची राणी एलिनॉर आणि मुलगा रिचर्ड द लायनहार्ट यांच्या रंगवलेल्या शयनमूर्ती आहेत. एलिनॉरच्या हातात उघडं पुस्तक आहे.

मग परत नदीकडे यावं आणि पश्चिमेला सोम्यूरकडे निघावं. हा सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा मला साऱ्या वाटेचा गाभा वाटतो. डावीकडे त्युफोचा पांढरा कडा आणि कड्यात घरं. किल्ल्यांसाठी, शहरांसाठी दगड काढून ज्या पोकळ्या झाल्या त्यांत लोक राहायला गेले. दारं, खिडक्या, धुराडी सगळं कड्यातच. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. काही गुहांत अळंबी पिकवतात, काहींत दारूची पिंपं मुरत पडलेली असतात. त्युर्काँ गावात सफरचंदं भट्टीत वाळवून, ठोकून चपटी करायचा धंदा एकोणिसाव्या शतकात जोरात होता, आजही ती तिथे चाखायला मिळतात. माथ्यावर द्राक्षमळे. मळ्यांतून चालताना मधूनच जमिनीतून धुराडं वर आलेलं दिसतं, म्हणजे आपण कुणाच्यातरी घराच्या छपरावरून चाललो आहोत. शेवटी सोम्यूरचा किल्ला दिसू लागतो, उंचावर आणि पांढराशुभ्र. पंधराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध सचित्र प्रार्थनापोथीत सप्टेंबर महिन्याच्या पानावर हाच किल्ला आणि त्याखालची द्राक्षतोडणी रंगवली आहे. मऊ दगडाची किंमतही इथे मोजावी लागली: २००१ साली तटाचा मोठा भाग खालच्या बाजूला कोसळला आणि दुरुस्तीला वर्षानुवर्षं लागली.

अंगात आणखी बळ असेल तर आँजेपर्यंत जावं. तिथे त्युफो संपतो आणि काळसर पाटीचा दगड सुरू होतो. तिथल्या तेराव्या शतकातल्या किल्ल्याचे सतरा बुरूज गडद दगडाचे आहेत आणि त्यांवर त्युफोचे पांढरे पट्टे आहेत. आर्लाँदचा काळा, शाँबोर-सोम्यूरचा पांढरा आणि आँजेचा मिश्र रंग, नदी कुठल्या खडकावरून वाहते ते किल्ल्यांनी अंगावर लिहून ठेवलं आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले. वाट जवळजवळ सपाट आहे, सह्याद्रीत दोन-चार गड केलेल्याला दिवसाला वीस किलोमीटर जड जाणार नाहीत. ऑर्लेआँ, बोजाँसी, ब्ल्वा, आँब्वाझ, तूर, लाँजे, सोम्यूर, आँजे ही सगळी गावं रेल्वेवर आहेत, त्यामुळे हवा तो तुकडा चालून गाडीने परत येता येतं. नदी उथळ दिसली तरी उतरू नये. वाळू पायाखालून सरकते, भोवरे असतात आणि बहुतेक ठिकाणी पोहायला बंदी आहे. उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर पाऊल टाकू नये, सुरयांची अंडी वाळूच्याच रंगाची असतात. आणि वाटेत कुठे पांढरा-तांबडा पट्टा उडालेला, झाड पडून खूण गेलेली किंवा वाट अडवलेली दिसली तर तेवढी कळवावी. त्यासाठी फ्रान्समध्ये ‘सुरिकात’ नावाची ऑनलाइन सोय आहे, आणि तिथे आलेली तक्रार वाचून त्या पट्ट्याचं काम बघणारा कुणीतरी खरोखर कुंचला घेऊन तिथे जातो.